एकटीच होते

“अक्षता, एक नाव राहिलंय,” शुभंकर म्हणाला, तेव्हा तिला आधी वाटलं, तो पलीकडच्या टेबलाशी बोलतोय. नावं राहायची ती इतरांकडून. खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, जिथं दाराशीच मोबाइल कुलुपात ठेवावा लागे आणि टेबलावर साधी पेन्सिलही चालत नसे, तिथं तिची ओळखच ती होती: हिच्या कानातून नाव निसटत नाही. काम सांगायला सोपं होतं. दूरच्या एका देशात, ती लहान होती त्या सुमारास, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं होतं. इतकं, की त्याच्या न्यायासाठी जगातल्या देशांनी मिळून एक खास न्यायालय उभं केलं. त्या न्यायालयानं वर्षानुवर्षं साक्षी ऐकल्या, मंत्र्यांना आणि सेनाधिकाऱ्यांना शिक्षा दिल्या, काहींना सोडून दिलं, आणि शेवटी काम संपलं म्हणून दारं मिटून घेतली. मागं उरले ते आवाज. ते आता कुणालाही ऐकता यावेत असं ठरलं होतं. पण साक्ष दिलेल्या बायका अजून त्याच गावांत पाणी भरत होत्या, आणि शिक्षा भोगून सुटलेले पुरुषही तिथंच परतत होते. म्हणून साक्षीतली नावं पुसायची. माणसाचं, मुलांचं, गावाचं, ओढ्याचं. पुसायचं म्हणजे त्या जागी नुसती शांतता ठेवायची. अक्षताच्या एका कानात साक्षीदाराची मूळ भाषा असे, तिला एक अक्षर न कळणारी, आणि दुसऱ्या कानात इंग्रजी दुभाष्या. दुभाष्या बहुतेक वेळा पुरुष असे आणि बाईच्या वतीनं तो ‘मी’ म्हणे. ‘मी तेव्हा गरोदर होते,’ असं एक घोगरा पुरुषी आवाज शांतपणे सांगे, आणि पहिल्या-पहिल्यांदा सगळ्या मुली एकमेकींकडं बघत. नंतर सवय झाली.

“कुठं राहिलंय?” तिनं विचारलं.

“बघ ना. तिकडच्या रिव्ह्यूअरनं पकडलं. छोटंसं आहे, इंटरप्रिटरनं पण सोडून दिलंय. इट्स ओके, पण मुलाचं नाव आहे, म्हणून सिरिअस मार्क केलंय त्यांनी.” शुभंकर तिचा टीम लीड, तिच्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा, वाईट बातमी सांगताना खुर्चीचं चाक पायानं पुढं-मागं करण्याची त्याला सवय होती. “तू बरी आहेस ना? चार दिवस बघतोय मी.”

तिनं हेडफोन चढवले. साक्षीदार बाईला नाव नव्हतं, नुसती खूण म्हणून दोन अक्षरं आणि एक आकडा. बचावाचा वकील विचारत होता, त्या वेळी तुमच्याबरोबर कोण होतं? मग श्वास. श्वासाच्या आत, ओठ न उघडता म्हटल्यासारखं काहीतरी दोन अक्षरी. आणि मग दुभाष्या: मी एकटीच होते. अक्षतानं ते पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट होती, फक्त त्या जागी ती मुंगीएवढी थरथरली होती. त्या बाईनं आधी मुलाचं नाव घेतलं होतं आणि मग ते गिळून टाकलं होतं. अक्षतानं माउस त्या मुंगीवर नेला, आवाज पुसायची कळ दाबायची बाकी होती, आणि तिच्या पाठीवर कुणीतरी घट्ट हात दाबून धरल्यासारखं झालं. तिला तो हात ओळखीचा होता. ती उठून खिडकीशी गेली. खाली मुळा-मुठेच्या पलीकडं नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. ‘मी एकटीच होते, साहेब. पोरगी घरी होती.’ हे वाक्य तिनं कधी प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं. तरी ते तिच्या आईच्या आवाजात तिला पाठ होतं.

चार दिवसांपूर्वी तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून फोन आला होता. महिपती सापडला. सुरतेत टेम्पो चालवत होता, तिथंच दुसरं लग्न करून राहिला होता, एकोणीस वर्षं. फोन करणारा हवालदार आवाजावरून तरुण होता. ज्याच्या खुनाबद्दल तो बोलत होता तो सीताराम हिवराळे म्हणजे या बाईंचे वडील, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं आणि मग तो एकदम “मॅडम” म्हणायला लागला. इतर तिघं आरोपी पूर्वीच सुटले होते, पण फरार आरोपीवर खटला वेगळा चालणार, जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात, आणि तिच्या आईला, प्रेमलाबाईंना, पुन्हा साक्षीला यावं लागणार. अक्षतानं घरी जाऊन सांगितलं तेव्हा प्रेमला मेथी निवडत बसली होती. चंदननगरच्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत येई. “जिवंत आहे का?” एवढंच आईनं विचारलं. “आहे.” “बरं झालं,” आई म्हणाली आणि जुडी सोडून पुढची काडी उचलली. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी बस पकडून नारायण पेठेतल्या बाइंडिंगच्या दुकानात गेली, जिथं ती गावाहून आल्यापासून छापील कागदांच्या घड्या घालत होती. मालक रंगनाथराव ऐंशीकडं झुकलेले. रजा मागितल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कोर्टात जाताय? जा. तिथं घड्याळ नसतं प्रेमलाबाई, नुसतं पंचांग असतं.” आई हे सांगताना हसली होती. अक्षताला ते हसू तेव्हापासून खटकत राहिलं होतं.

आई पहिल्यांदा साक्षीला गेली तेव्हा अक्षता दहा वर्षांची होती. कोर्टाच्या व्हरांड्यात मामाबरोबर बाकावर बसून तिनं कागदातली भजी खाल्ली होती, कागदाला शाई होती, बोटं निळी झाली होती. आत काय चाललंय ते दाराच्या फटीतून दिसत नव्हतं. आई बाहेर आली, म्हणाली, “झालं,” आणि तिची निळी बोटं पदरानं पुसायला लागली. पुढं मोठी झाल्यावर, कॉलेजात असताना, अक्षतानं मामाकडून सगळं काढून घेतलं. गेनबा नावाचा म्हातारा गुराखी आरडाओरडा ऐकून गायरानात धावला होता. त्यानं कोर्टात खरं ते सांगितलं: बाई अन् तिची पोरगी ज्वारीत बसलेल्या होत्या. आणि आईनं सांगितलं, पोरगी घरी होती, मी एकटीच होते. बचावाच्या वकिलाला एवढं पुरेसं झालं. दोघांतलं एक खोटं, साहेब. बाई तिथं होत्या की नव्हत्या इथूनच सुरुवात आहे. तिघं सुटले. गावात मिरवणूक निघाली नाही, एवढीच मेहेरबानी, असं मामा म्हणाला होता. आईनं खोटं का सांगितलं हे मामाला विचारायची गरज नव्हती. पोरीचं नाव एकदा कागदावर आलं की ती साक्षीदार. साक्षीदार झाली की तिला शाळेच्या वाटेवर कुणीही गाठू शकतं. आईला कुणी कायदा शिकवला नव्हता, पण नाव पुसायला ती कुठल्याही कंपनीच्या आधी शिकली होती.

जिल्ह्याच्या गावी दोघी शिवाजीनगरहून एसटीनं गेल्या. सरकारी वकील मंदाकिनीबाई पन्नाशीच्या, आवाज बसलेला, टेबलावर फायलींचा ढीग आणि त्यावर जेवणाचा डबा. जातीय अत्याचाराच्या खटल्यांसाठी नेमलेल्या त्या खास वकील होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात ना धीर देणं होतं ना घाबरवणं. “गेनबा वारले,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांचा अहवाल आहे. बाकी राहिलात तुम्ही. प्रेमलाबाई, मुलगी कुठं होती?” “घरी,” आई म्हणाली. लगेच म्हणाली, प्रश्न संपायच्या आत. मंदाकिनीबाईंनी अक्षताकडं पाहिलं. मग आईला म्हणाल्या, बाहेर नळ आहे, पाणी पिऊन या, उन्हाचं आलात. आई गेली. खोलीत पंखा फिरत होता आणि वरच्या फायलीचा कागद उठत-बसत होता.

“मी तिथं होते,” अक्षता म्हणाली. आपलाच आवाज तिला दुभाष्यासारखा वाटला, कुणा दुसऱ्याच्या वतीनं ‘मी’ म्हणणारा.

“पाहिलंत?”

“पाहिलं.”

मंदाकिनीबाईंनी डबा बाजूला सरकवला. “साहेबांना अर्ज करून मी तुम्हाला साक्षीला बोलावू शकते. पण नीट ऐका. एकोणीस वर्षं गप्प का होतात, हे पहिलं विचारतील. आणि तुम्ही बोललात की आईचं जुनं म्हणणं खोटं ठरतं. तुम्ही गप्प राहिलात तर आईचं म्हणणं मागच्यासारखंच पडतं. दोन्हीकडं आईच पडते. फक्त एकात तोही पडतो.”

“नाव झाकता येतं ना? नव्या कायद्यात आहे.” अक्षताला आपल्या कामावरून ते सगळं ठाऊक होतं: त्या दूरच्या न्यायालयात साक्षीदाराला वेगळी खोली असे, सोबतीला एक बाई, मधे पडदा, बाहेर जाणारा आवाज बदललेला. एका साक्षीत तर एका मुलीनं न्यायाधीशांना विचारलं होतं, त्याला माझा खरा आवाज ऐकू जाणार का? आणि न्यायाधीशांनी फार सौम्यपणे सांगितलं होतं, हो, आरोपीला जाणार. त्याचा तो हक्क आहे.

मंदाकिनीबाई पहिल्यांदा हसल्या. “येतं की. मी मागते. एक पोलीसही देतील. पण तुमचं नाव कुणापासून झाकायचं? पेपरवाल्यांपासून? ज्याच्यापासून झाकायला हवं, त्याच्यासमोरच तर उभं राहायचंय.”

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसून झोपली. अक्षता तिच्याकडं बघत राहिली. तिला वाटत होती ती भीती महिपतीची नव्हती. हे तिला वकीलबाईंना सांगता आलं नव्हतं. महिपती तिला आठवत होता तो त्याच्या गिरणीत, पापण्यांवर पिठाचा पांढरा थर घेऊन उभा. गावात गिरणी एकच. हिवराळ्यांचं दळण तो सगळ्यांत शेवटी घेई, आणि सहा वर्षांच्या अक्षताला वाटे, हा मानच आहे: सगळे गेल्यावर ते एवढं मोठं यंत्र फक्त आपल्यासाठी फिरतं. ती पायरीच्या खाली उभी राही, तिथूनच बघे. महिपती डोळे मिचकावून पापण्यांवरचं पीठ तिच्या दिशेनं फुंकी आणि ती हसे. त्यानं तिला हसवलं होतं, पुष्कळदा. मग बापानं सरकारनं दिलेलं गायरान नांगरलं. दोन पावसाळे ज्वारी आली. गावाची गुरं कुठं चरायची, असं लोक म्हणायला लागले, आणि ‘यांना जमिनी कशाला’ असं म्हणताना आवाज खाली आणायचीही कुणाला गरज वाटेनाशी झाली. त्या दुपारी आई भाकरी घेऊन निघाली होती, अक्षता मागं. कणसं भरलेली. आई एकदम थांबली, खाली बसली, आणि तिनं अक्षताचं तोंड आपल्या पोटाशी दाबून वरून पदर ओढला. हात पाठीवर, इतका घट्ट की श्वास घेता येईना. आईला आजवर वाटत आलं होतं की पोरीनं काही पाहिलं नाही. ती हे कधी बोलून दाखवत नसे, पण तिच्या सगळ्या वागण्याच्या तळाशी ते होतं, घराच्या पायात दगड असावा तसं. नवरा वाचला नाही, खटला वाचला नाही, गाव सुटलं. पण पोरीचे डोळे वाचवले. रस्त्यात एखादं भांडण दिसलं की आई अजूनही तिचं डोकं आपल्याकडं ओढी, पंचविशीतल्या नोकरदार मुलीचं, आणि मैत्रिणी हसत. आणि आईचं त्या दिवशीचं पातळ तर धुऊन धुऊन विरलेलं होतं. त्याची जाळी झाली होती. फिकट हिरव्या जाळीतून अक्षताला सगळं दिसत होतं, ज्वारीची ताटं, चार माणसं, कुऱ्हाडीचा दांडा, पांढऱ्या पापण्या. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणालाही सांगितलं तरी ते शेवटी आईपर्यंत पोचलं असतं.

तिनं आईला सांगितलं ते अर्धंच. रविवारी सकाळी, आई केसांना तेल लावत असताना, पाठमोरी बसून. “मी साक्ष देणार आहे.”

तेलाचा हात थांबला. “तू काय साक्ष देणार? तू काही पाहिलं नाहीस. मी तोंड धरलं होतं तुझं.”

“आवाज ऐकला मी. महिपतीचा. ओळखते मी त्याचा आवाज.”

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. “तुझं नाव मी काढणार नाही,” आई म्हणाली. “मग मी काढते,” अक्षता म्हणाली. “तुझ्या आधी मला विचारतील. मी परत ‘पोरगी घरी होती’ म्हणाले तर?” “तर आपण दोघी दोन बाजूंना बोलू. गेनबा आणि तू बोललात तसं.” आईनं तिच्या केसांचा पेड इतका ओढून घातला की डोळ्यांत पाणी आलं. “आवाजापुरतं सांग,” ती म्हणाली. “ऐकलं तेवढंच. उगाच वाढवून सांगू नकोस.”

“बरं,” अक्षता म्हणाली, आणि त्या ‘बरं’नंच तिला पुढचे कित्येक आठवडे झोपेत दचकवलं. कामावर ती आता एकेक साक्ष दोनदोनदा ऐके. शुभंकर म्हणे, स्पीड कमी झालाय तुझा. तिला वाटे, ह्या बायकांनी कुणापासून काय लपवलं असेल? न्यायालयानं निकालपत्रात काय लिहिलं ते सगळ्यांना माहीत होतं. पण साक्ष देऊन घरी गेल्यावर, चुलीपाशी, सासूशी, मुलाशी त्या काय बोलल्या असतील? त्याची फीत नव्हती.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात वेगळी खोली वगैरे काही नव्हती. दिलेला पोलीस होता. त्यानं अक्षताला नमस्कार केला आणि मोबाइलचा चार्जर आहे का विचारलं. शेजारच्याच बाकावर महिपतीचे दोन पुतणे बसले होते. त्यातला थोरला उठून आला, आईच्या पुढं वाकल्यासारखा झाला. “वहिनी, बरं हाय ना? किती वर्सांनी. पुण्यात कुठं राहता म्हनं?” “पुण्यातच,” आई म्हणाली. तो हसला. अक्षताकडं बघून म्हणाला, “लय मोठी झाली की पोरगी,” आणि आपल्या बाकावर जाऊन बसला. एवढंच. त्यात तक्रार करण्यासारखं एक अक्षर नव्हतं.

आईची साक्ष आदल्या दिवशीच झाली होती. दारामागं काय झालं ते अक्षताला याही वेळी दिसलं नव्हतं, पण मंदाकिनीबाईंनी सांगितलं: पोरगी तुमच्याबरोबर होती का, असं विचारलं, तेव्हा प्रेमलाबाईंनी या वेळी प्रश्न पुरा होऊ दिला, आणि मग त्या म्हणाल्या, “होती. मागं खोटं बोलले. तिला झाकायचं होतं.” बचावाच्या वकिलानं तासभर त्यांना सोलून काढलं. शपथेवर खोटं बोललात? हो. मग आता खरं बोलताय कशावरून? आज मंदाकिनीबाई आईला म्हणाल्या, “तुमचं काम झालं, तुम्ही बाहेर बसा, सावलीत.” अक्षतानंच त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. आईनं पिशवी काखोटीला मारली. “माझी पोरगी आत आणि मी बाहेर? मागच्या वेळी ती बाहेर बसली होती. बास झालं.” आणि आत जाऊन शेवटच्या बाकावर बसली.

पिंजऱ्यात एक म्हातारा उभा होता. अक्षतानं मनाची सगळी तयारी केली होती, एक सोडून: त्याच्या पापण्या आणि भुवया खरोखरच पांढऱ्या झाल्या होत्या. वयानं. तिच्या आठवणीतलाच चेहरा, नुसत्या सुरकुत्या घातलेला. क्षणभर तिला वाटलं, तो आता फुंकर मारील. त्याच्या अंगात घडीच्या रेषा न मोडलेला नवा सदरा होता, कुणीतरी खास आणून दिलेला, आणि तो ऐकू येत नसल्यासारखा कानामागं हात धरून उभा होता. तिला त्याची कीव आली. कीव यावी याचा राग आला. शपथ घेताना तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, ते तिला फार मोठ्यानं ऐकू आलं.

“त्या दुपारी तुम्ही कुठं होतात?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“गायरानात. ज्वारीत. आईजवळ.”

“काय झालं?”

इथून दोन वाटा फुटत होत्या आणि दोन्ही तिला स्वच्छ दिसत होत्या. ऐकलं म्हणायचं. ऐकलं म्हटलं की बचावाचा वकील उठणार, सहा वर्षांची पोरगी, एकोणीस वर्षांपूर्वीचा आवाज, आणि पिंजऱ्यातला म्हातारा सुरतेला परत जाणार. शेवटच्या बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. आपल्या मुलीच्या तोंडून ‘ऐकलं’ यायची वाट बघत. अक्षतानं तिच्याकडं पाहिलं आणि मग मुद्दाम न्यायाधीशांकडं वळली, कारण आईकडं बघत हे सांगता आलं नसतं.

“मी पाहिलं,” ती म्हणाली. “आईनं माझं तोंड पदरात धरलं होतं. पदर विरलेला होता. त्यातून दिसत होतं.”

पुढचं तिनं सांगितलं ते सलग. कोण कुठं उभा होता, दांडा कुणाच्या हातात होता, पहिला मार कुणी घातला. न्यायाधीश थांबवून थांबवून टंकलेखकाला आपल्या शब्दांत सांगत होते: ‘साक्षीदारानं आरोपीस ओळखलं.’ यंत्र चालू, बंद, चालू. मधेच ती म्हणाली, “बाबा खाली पडले होते. त्यांनी मान वळवली. ज्वारीकडं. त्यांना आम्ही दिसलो. माझ्याकडं पाहिलं त्यांनी, मी जाळीतून त्यांच्याकडं पाहत होते. आणि मग त्यांनी लगेच तोंड पलीकडं फिरवलं, विहिरीच्या बाजूला, आणि तिकडं बघूनच ओरडायला लागले. म्हणजे त्या लोकांनी आमच्या बाजूला बघू नये म्हणून.” बचावाचा वकील उठला, हा साक्षीदाराचा तर्क आहे. न्यायाधीशांनी मान हलवली. “आरोपीनं काय केलं ते सांगा,” ते म्हणाले, तुसडेपणानं नव्हे, आणि टंकलेखकाला म्हणाले, “हे घेऊ नका.” यंत्र थांबलेलंच राहिलं. उलटतपासणी दुपारपर्यंत चालली. एकोणीस वर्षं का गप्प होतात, या प्रश्नाला ती “माहीत नाही,” म्हणाली. उत्तर आत, शेवटच्या बाकावर बसलं होतं.

बाहेर आल्यावर आई काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. ती रागावली होती असंही म्हणता येत नव्हतं. डबा भरून देई, बसचा पास विचारी. फक्त सकाळी निघताना अक्षताची ओढणी नीट करणं तिनं सोडून दिलं, आणि रविवारी तेलाची बाटली समोर ठेवून म्हणाली, तूच लाव. एकदा चौकात दोन दुचाक्या एकमेकींवर आदळल्या, माणूस रस्त्यात पडला, रक्त आलं. अक्षता मान वळवून वाट बघत राहिली आणि आईचा हात आला नाही. तेव्हा तिला कळलं की आपण खटल्यात काय दिलंय. कामावर तिनं त्या बाईची ती फीत एकदा शोधून काढली. दोन अक्षरांच्या जागी आता स्वच्छ शांतता होती, कुणीतरी नीट काम केलं होतं.

निकाल पावसाळा संपल्यावर लागला. महिपतीला खुनासाठी जन्मठेप. जातीच्या कारणावरून खून केला हे सिद्ध होत नाही, वाद जमिनीचा होता, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं, त्यामुळे खास कायद्याखालच्या आरोपातून तो सुटला. आणि प्रेमला हिवराळे ही साक्षीदार विश्वासार्ह नाही, तिची साक्ष बाजूला ठेवून तिच्या मुलीच्या नैसर्गिक, न पढवलेल्या साक्षीवर हा निकाल दिला आहे, असंही त्यात होतं. मंदाकिनीबाईंनी ते वाक्य मराठीत सांगायला जरा वेळ घेतला. “अपील होणार,” त्या म्हणाल्या. “त्यांचं होईल, आपलंही करू.” आईनं त्यांना हात जोडले. “विश्वासार्ह नाही ते बरोबरच आहे,” ती म्हणाली. “खोटं बोलले होते मी. जमिनीचं मात्र त्यांनी चुकीचं लिहिलं. जमीन तर गायरानात कितीजणांनी धरली होती. मारलं एकालाच.” पुतणे व्हरांड्यातून निघून गेले, या वेळी विचारपूस न करता. महिपतीला नेताना त्यानं वळून पाहिलं, पण कुणाकडं ते कळलं नाही.

एसटीत जागा मिळाली. गाडी गाव सोडून मोकळ्या रानाला लागली. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, अजून कणसं न धरलेली. आई बाहेर बघत होती. वाहक तिकिटं देऊन पुढं गेला. मागच्या सीटवरची मुलं कुणाच्या तरी मोबाइलवर क्रिकेट बघत ओरडत होती. अक्षतानं डोळे मिटले. निकाल लागला म्हणजे काय व्हायला हवं होतं, याचा ती शोध घेत होती, आणि छातीत, पोटात, कुठंच काही सापडत नव्हतं.

“त्यांनी मान वळवली म्हणालीस,” आई म्हणाली.

अक्षतानं डोळे उघडले. आई अजून बाहेरच बघत होती.

“हो.”

“ते चौघं दिसले तशी मी खाली वाकले. तुझ्यावर. मग मला फक्त ओरडणं ऐकू येत होतं. मला वाटायचं, त्यांना माहीतच नव्हतं आपण आलोय ते. भाकरीची वाट बघत असतील आणि...” ती थांबली. “एकोणीस वर्षं मला वाटायचं, त्यांनी शेवटी आपली वाट पाहिली असेल.”

“नाही. त्यांनी बघितलं आपल्याला. दोघींना.”

“तू नीट पाहिलंस?”

“नीट पाहिलं, आई.”

प्रेमलानं खिडकीच्या दांडीला धरलेला हात काढला आणि अक्षताचं डोकं आपल्याकडं ओढलं, पूर्वी ओढायची तसंच, जोरात, मानेला कळ लागेल असं. मग ती रडायला लागली. अक्षतानं आईला कधी असं ऐकलं नव्हतं, ना कोर्टात, ना बापाच्या अंत्ययात्रेत. मोठ्यानं, तोंड उघडून, गाडीभर ऐकू जाईल असं. मुलांचं क्रिकेट थांबलं. पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, “काय झालं ओ, आजी? पानी देऊ का?” वाहक मधल्या वाटेत उभा राहून बघू लागला. अक्षता आईच्या खांद्याशी तशीच अवघडून पडून राहिली आणि तिनं तिला गप्प केलं नाही.